मॉल ओस का पडतात? साउथडेलची गोष्ट

अमेरिकेतल्या ओस पडलेल्या मॉलचे व्हिडिओ एव्हाना तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. सरकता जिना जागच्या जागी थांबलेला, कारंजं कोरडं, छताच्या फुटक्या काचेतून पाणी गळतंय आणि खाली कुंड्यांमध्ये कुणी न लावलेलं गवत माजलंय. २०२४ च्या फेब्रुवारीत मेसीज या जुन्या साखळीनं २०२६ पर्यंत आपली सुमारे १५० दुकानं बंद करणार असल्याचं जाहीर केलं आणि चर्चेला पुन्हा ऊत आला. निदान सगळ्यांच्या तोंडी एकच: ऑनलाइन खरेदीनं मॉल खाल्ले.

या निदानाच्या आड दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे २०२४ मध्येही अमेरिकेतल्या किरकोळ विक्रीच्या दर १०० डॉलरमागे साधारण १६ डॉलरच ऑनलाइन खर्च झाले. बाकीचे ८४ अजूनही कुठल्या ना कुठल्या दारातून आत जाऊनच खर्च होतात. दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. शिकागोजवळच्या हार्वी गावातला डिक्सी स्क्वेअर मॉल १९६६ साली उघडला आणि १९७८ साली बंद पडला. अ‍ॅमेझॉन कंपनी सुरू व्हायला तेव्हा अजून सोळा वर्षं अवकाश होता. मग त्याला कुणी मारलं?

उत्तरासाठी एकाच मॉलच्या मुळाशी जाऊ या. मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस शहराला लागून ईडायना नावाचं उपनगर आहे. तिथला साउथडेल मॉल ८ ऑक्टोबर १९५६ ला उघडला. आज जगभर ज्याला आपण मॉल म्हणतो, त्याचा साचा इथे पडला.

आधी शब्द नीट समजून घेऊ

मॉल हा शब्द मुळात खरेदीचा नाहीच. 'पल्लामाल्यो' नावाचा एक इटालियन खेळ होता, लाकडी हातोड्यानं चेंडू टोलवायचा. लंडनमध्ये तो खेळायच्या लांब पट्टीला लोक पॅल मॅल म्हणायला लागले, मग झाडांच्या सावलीतल्या चालायच्या रस्त्याला 'मॉल' म्हणू लागले. म्हणजे मॉल म्हणजे रमतगमत फिरायची जागा. दुकानं त्याला नंतर चिकटली.

आणि दुकानं एकत्र बांधायची कल्पनाही साउथडेलची नाही. मोटारीनं येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी कॅन्सस सिटीत कंट्री क्लब प्लाझा १९२३ पासूनच होता. सिएटलचा नॉर्थगेट १९५० चा. पण ही सगळी उघड्या आभाळाखालची, दाराबाहेर तोंड करून उभी असलेली दुकानं. साउथडेलनं सगळ्यांना एका छताखाली घेतलं आणि त्यांची तोंडं आत वळवली. बाहेरून पाहाल तर जवळपास कोऱ्या भिंती. विस्कॉन्सिनमधल्या अ‍ॅपलटनचा व्हॅली फेअर १९५५ चा, त्यामुळे तिथले लोक पहिलेपणाचा मान सोडायला तयार नसतात. पण नक्कल झाली ती साउथडेलची.

व्हिएन्नाचा माणूस, मिनेसोटाची थंडी

हा मॉल आखणारा व्हिक्टर ग्रुएन १९०३ साली व्हिएन्नात जन्मला. मूळ आडनाव ग्रुनबाउम. दिवसा वास्तुकला, रात्री राजकीय कॅबरे, म्हणजे राजकारणाची टर उडवणारे रंगमंचावरचे खेळ, असा त्याचा तिथला संसार. ज्यू होता, समाजवादी होता. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर त्याला पळावं लागलं. न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात आठ डॉलर होते, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं.

अमेरिकेत त्यानं दुकानांच्या दर्शनी बाजू करून नाव कमावलं, पण मन व्हिएन्नाच्या रस्त्यांतच राहिलं. मोटारीला जुंपलेल्या अमेरिकन उपनगरात माणूस माणसाला भेटतो कुठे, ही त्याची तक्रार होती. घर, गाडी, दुकान, गाडी, घर. मधे चौक नाही. तो चौक छताखाली बांधून द्यायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं. डेट्रॉइटजवळ त्याचा नॉर्थलँड १९५४ मध्ये उभा राहिला, पण तो उघडा होता. मिनियापोलिसच्या डेटन्स या डिपार्टमेंट स्टोअरवाल्या घराण्यानं त्याला साउथडेलचं काम दिलं, तेव्हा छताला आयतं कारणही मिळालं. मिनेसोटात खरेदीला बाहेर पडावं असं हवामान वर्षातले १२६ दिवसच असतं, असा हिशोब तेव्हा मांडला गेला होता. उरलेल्या दिवसांत एकतर हाडं गोठवणारी थंडी, नाहीतर उकाडा.

म्हणून साउथडेलच्या आत बाराही महिने सुमारे २४ अंश सेल्सियस. मधोमध मोठं अंगण, त्याचं नावच 'चिरवसंताचं अंगण' अशा अर्थाचं. त्यात झाडं, हॅरी बर्टोया या शिल्पकारानं घडवलेली धातूची उंच सोनेरी झाडं, आणि एकवीस फूट उंचीचा पक्ष्यांचा पिंजरा. बाहेर ५,२०० गाड्या लावायची सोय. पहिल्या दिवशी ७५ हजार माणसं आली.

एक बारकावा मात्र जवळून बघण्यासारखा आहे. माणसं दुसऱ्या मजल्यावर चढायचा कंटाळा करतात, म्हणून तोवर अशी संकुलं पसरट, एकमजली असत. वरच्या मजल्याचा गाळा म्हणजे पडेल गाळा. ग्रुएननं पार्किंगच दोन पातळ्यांवर केलं. काही गाड्या खालच्या मजल्याच्या दाराशी लागणार, काही वरच्या. आता वरचा मजला कुणाचा? ज्यानं तिथे गाडी लावली, त्याच्यासाठी तोच तळमजला! दोन्ही मजल्यांवर सारखी वर्दळ, आणि चालायचं अंतर निम्मं. मला ही युक्ती त्या पिंजऱ्याहून जास्त आवडते.

सगळेच भारावले नव्हते. जगप्रसिद्ध वास्तुकार फ्रँक लॉईड राइट काही आठवड्यांतच येऊन गेला आणि नाक मुरडून गेला. या अंगणात खेड्यातल्या रस्त्याचे सगळे दोष आहेत आणि गोडवा मात्र एकही नाही, असा त्याचा शेरा होता.

देवळाशिवाय जत्रा भरत नाही

आता पैशाकडे येऊ. इथून पुढे 'अँकर स्टोअर' हा शब्द लागेल. मॉलच्या टोकांना असलेली, ज्यांच्या नावावर माणसं घरून निघतात ती अवाढव्य दुकानं म्हणजे अँकर. साउथडेलला दोन होती: मालक डेटन्सचं स्वतःचं आणि डोनल्डसन्सचं. डोनल्डसन्स हा डेटन्सचा शहरातला थेट प्रतिस्पर्धी. आपल्याच घरात स्पर्धकाला पाट मांडून का बसवायचं?

जत्रा आठवा. माणसं येतात देवासाठी. देवळात पैसे खर्च होतात ते थोडे. खरा खर्च देवळाबाहेरच्या पालांवर होतो: बांगड्या, खेळणी, भेळ, रेवड्या. देऊळ नसेल तर पालवाल्याकडे कुत्रंही फिरकणार नाही. म्हणून पालवाला जागेचे भरपूर पैसे मोजतो आणि देवाकडे कुणी भाडं मागत नाही.

मॉलचा हिशोब नेमका हाच आहे. अँकर दर चौरस फुटाला नाममात्र भाडं देतो. कित्येकदा तेही नाही. अनेक ठिकाणी त्याला जागाच स्वस्तात विकलेली असते. दोन अँकरच्या मधल्या वाटेवर बसलेले लहान गाळेवाले मात्र चढं भाडं देतात, शिवाय विक्री ठरावीक आकड्यापुढे गेली की तिच्यातही मालकाचा वाटा. आणि देवळं दोन, दोन टोकांना असली, की भाविकाला सगळी जत्रा तुडवूनच जावं लागतं. डोनल्डसन्सला बोलावण्यामागचं गणित हे होतं.

इस्त्री आणायला निघालेला माणूस दोन तासांनी इस्त्री सोडून चार पिशव्या घेऊन बाहेर पडतो, त्या अवस्थेला पुढे 'ग्रुएन ट्रान्सफर' असं नाव पडलं. ग्रुएनला स्वतःला असा भुलवलेला गिऱ्हाईक नको होता. त्याला गप्पा मारत बसलेली माणसं हवी होती. पण नाव चिकटलं.

खरा धंदा जमिनीचा

डेटन्सनं फक्त मॉलपुरती जमीन घेतली नव्हती. ग्रुएनचा आराखडा ४६३ एकरांचा होता. त्यात मॉल मधोमध, आणि भोवती घरं, शाळा, दवाखाने, कार्यालयं, बाग, तळं. म्हणजे छोटं गावच. बांधून झाला फक्त मॉल. तो चालू लागल्यावर भोवतालच्या जमिनीचे भाव वाढले, आणि तळ्यासाठी थांबण्यापेक्षा ती जमीन चढ्या भावानं विकणं फायद्याचं ठरलं. जिथे चालत जायच्या वाटा असणार होत्या, तिथे गाड्यांची रांग आणि चहूबाजूंनी सुट्या-सुट्या इमारती उगवल्या.

डेटन्सला दोष देण्यात अर्थ नाही. ते व्यापारी होते आणि व्यापाऱ्यासारखे वागले. पण एवढं ध्यानात ठेवा, की मॉल हा दुकानदारीचा कमी आणि जागेचा जास्त धंदा आहे. मॉलचा मालक साडी किंवा बूट विकत नाही. तो वर्दळ पिकवतो आणि ती तुकड्या-तुकड्यांनी भाड्यानं देतो.

सरकारनं काय केलं? मुख्यतः घसारा

१९५० च्या दशकात अमेरिकेत मॉलचं पीक का आलं, याचं उत्तर लोक 'मोटारी' असं देतात. खरं आहे, पण अर्धंच. मोटारी १९२० च्या दशकातही होत्या. पन्नाशीत जमून आल्या त्या सरकारी गोष्टी. साउथडेल उघडायच्या तीन महिने आधी, २९ जून १९५६ ला, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर सही केली: ४१ हजार मैलांचं जाळं आणि त्याचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारचा. घरकर्जाला सरकारी हमी होतीच, त्यामुळे उपनगरातलं नवं घर हप्त्यावर सहज मिळायचं. सहज म्हणजे गोऱ्यांना. काळ्यांच्या वस्त्यांत ही हमी सरकारी यंत्रणा देत नसे, आणि अनेक उपनगरांत काळ्या माणसाला घर विकायचं नाही अशी अट खरेदीखतातच लिहिलेली असे. ईडायनाच्या जुन्या कंट्री क्लब वसाहतीच्या खतांतही ती होती. तेव्हा ग्रुएनच्या चौकात सगळं गाव भेटणार होतं असं म्हणताना गाव कुणाचं, हेही विचारायला हवं.

पण सगळ्यात कमी बोललं जातं ते घसाऱ्याबद्दल. नवी गाडी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते. इमारतीचंही तसंच, असं कर खातं मानतं. दरवर्षीच्या या झिजेला घसारा म्हणतात, आणि तेवढी रक्कम उत्पन्नातून वजा करून उरलेल्यावर कर लागतो. समजा इमारत दहा लाख डॉलरची आणि आयुष्य चाळीस वर्षं. जुन्या हिशोबानं दरवर्षी २५ हजार डॉलर वजा.

१९५४ च्या करकायद्यानं नव्या बांधकामाला वेगळी पद्धत मंजूर केली: सुरुवातीच्या वर्षांत दुप्पट वेगानं घसारा लावा. म्हणजे पहिल्या वर्षी ५० हजार, दुसऱ्या वर्षी ४७,५००, असं उतरत जायचं. इमारत तीच, भाडं तेच, खिशात येणारे पैसे तेच, पण कागदावर तोटा! आणि तो तोटा मालकाच्या दुसऱ्या उत्पन्नातून वजा होतो. डॉक्टर, वकील, विमा कंपन्या, ज्यांचा दुकानदारीशी काडीचा संबंध नव्हता, तेही मॉलमध्ये पैसे घालू लागले. काही वर्षांनी घसाऱ्याचा रस आटला की इमारत विकायची. त्या काळी त्या नफ्यावर भांडवली नफा म्हणून कमी दरानं कर लागे. मग पुढच्या माळावर नवा मॉल.

हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मॉल नव्हते, कारखाने आणि उद्योगांना चालना द्यायची होती. पण भरभरून सवलत नव्या बांधकामाला होती, जुनी इमारत डागडुजी करून चालवणाऱ्याला तेवढी नाही. त्यामुळे शहरातली जुनी बाजारपेठ सुधारण्यापेक्षा शहराबाहेरचा मका कापून नवं बांधणं परवडू लागलं. गिऱ्हाइकं आहेत की नाहीत, हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर गेला. मॉल गरजेपेक्षा जास्त झाले, ही गोष्ट इथपासून सुरू होते. पुढे भर पडली ती गावांच्या चढाओढीची. विक्रीकराचा हिस्सा गावाला मिळतो, म्हणून प्रत्येक नगरपालिकेला मॉल आपल्याच हद्दीत हवा. कॅलिफोर्नियात १९७८ च्या सार्वमतानं घरपट्टीला वेसण घातल्यावर तर विक्रीकर हाच तिथल्या गावांचा आधार झाला.

तो चौक कुणाचा होता?

ग्रुएनला चौक हवा होता. चौकात माणूस भाषण करतो, पत्रकं वाटतो, मोर्चा काढतो. मॉलमध्ये ते चालेल का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वारंवार गेला आणि उत्तरं बदलत गेली. १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका खटल्यात न्यायालय म्हणालं, दुकानसंकुल हे गावाच्या बाजारपेठेसारखंच आहे, तिथे निदर्शनं करता येतील. चारच वर्षांनी, १९७२ मध्ये, पोर्टलंडच्या लॉइड सेंटरमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांच्या खटल्यात निकाल फिरला: ही खासगी जागा आहे, मालक हाकलू शकतो. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रूनयार्ड संकुलात सह्या गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांच्या खटल्यात मधली वाट निघाली. देशाची घटना हा हक्क देत नाही, पण एखाद्या राज्याच्या घटनेला तो द्यायचा असेल तर देऊ शकते. कॅलिफोर्नियानं दिला.

मिनेसोटानं नाही. साउथडेलपासून काही मैलांवर ब्लूमिंग्टनमध्ये १९९२ साली मॉल ऑफ अमेरिका हा प्रचंड मॉल उघडला. १९९६ मध्ये तिथे फरच्या कपड्यांविरुद्ध काही जणांनी निदर्शनं केली, आणि १९९९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही खासगी मालमत्ता आहे, निदर्शनांचा हक्क इथे लागू नाही. म्हणजे ज्या राज्यात छताखालचा चौक जन्मला, तिथेच कायद्यानं ठरलं की तो चौक नाही.

मग मोडलं कुठे?

पहिली चीर कुणी पाडली, तर डेटन्सनंच. १९६२ मध्ये याच घराण्यानं रोझव्हिल या दुसऱ्या उपनगरात स्वस्त मालाचं दुकान काढलं: टार्गेट. त्याच वर्षी वॉलमार्ट आणि केमार्टही सुरू झाले. ही दुकानं मॉलमध्ये नव्हती. स्वतःची इमारत, स्वतःचं पार्किंग, दारात गाडी लावा, घ्या आणि निघा. टॉवेल, भांडी, मुलांचे कपडे अशा रोजच्या गोष्टी डिपार्टमेंट स्टोअरच्या हातून हळूहळू निसटल्या. टार्गेट इतकं वाढलं की २००० साली मूळ कंपनीनं आपलं नावच टार्गेट केलं आणि २००४ मध्ये डिपार्टमेंट स्टोअर विकून टाकली. मुलानं बापाचं दुकान मोडीत काढलं, आणि बापाच्या संमतीनं!

दुसरी चीर गर्दीची. डेटन्सनं साउथडेलच्या यशावर मिनियापोलिस परिसरात आणखी तीन 'डेल' उभे केले: ब्रुकडेल १९६२, रोझडेल १९६९, रिजडेल १९७४. वर मॉल ऑफ अमेरिका. गिऱ्हाईक त्याच परिसरातलं, जत्रा पाच. यात ज्या भागाची कमाई उतरली, तिथल्या मॉलवर संक्रांत आली. ब्रुकडेलचे अँकर एकेक करून गेले आणि २०१० मध्ये त्याला टाळं लागलं. तो पाडून तिथे खुल्या आवारातलं संकुल बांधलं, त्यात वॉलमार्ट आलं; २०२३ मध्ये तेही गेलं.

पण अशक्त होणं वेगळं आणि एकदम कोसळणं वेगळं. मॉल कोसळतात ते करारातल्या एका कलमामुळे. त्याला सहभाडेकरूचं कलम म्हणू. भाडेकरारात लहान गाळेवाला लिहून घेतो: अमुक अँकर चालू असेपर्यंतच मी पूर्ण भाडं देईन, तो गेला तर मला कमी भाडं लागेल, आणि बराच काळ बदली आला नाही तर मी निघून जाऊ शकेन. जत्रेतला पालवाला म्हणतो ना, पालखीच आली नाही तर ठरलेले पैसे कसले मागता? तसंच.

आता साखळी बघा. अँकर जातो. त्याचं भाडं मुळात नगण्य, त्यामुळे वाटतं फारसं नुकसान नाही. पण त्याच्या जाण्यानं चाळीस गाळ्यांची कलमं जागी होतात. भाडं कमी झालं की मॉलची किंमत कमी होते, कारण अशा मालमत्तेची किंमत भाड्यावरूनच काढतात. मॉलवरचं कर्ज बहुधा दहाएक वर्षांचं असतं आणि मुद्दलाचा मोठा भाग शेवटी एकरकमी द्यायचा असतो. एरवी तो नवं कर्ज काढून फेडतात. किंमत घसरल्यावर नवं कर्ज कोण देणार? मालक दुरुस्ती थांबवतो. वातानुकूलन बंद पडतं, गळती सुरू होते, आणखी गाळे रिकामे होतात. व्हिडिओत दिसणारं ते गवत बऱ्याचदा बँकेतल्या एका तारखेमुळे उगवलेलं असतं.

२०१८ मध्ये सीअर्सची मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली, बॉन-टॉन साखळीनं गाशा गुंडाळला, २०२० मध्ये जेसीपेनी दिवाळखोरीत गेली. या तिघी मिळून शेकडो मॉलची देवळं होती.

"म्हणजे ऑनलाइनचा काहीच दोष नाही?"

आहे, पण तो शेवटच्या धक्क्याचा. वर्दळीवर चालणाऱ्या धंद्यात गिऱ्हाइकं निम्मी व्हावी लागत नाहीत. दहातला एक कमी झाला तरी आधीच काठावर असलेला अँकर मॉलमधलं दुकान बंद करतो, आणि पुढचं काम कराराचं कलम करतं. पुस्तकं, गाण्याच्या सीडी, खेळणी हे मॉलमधले ठरलेले गाळे होते; ते खरोखर ऑनलाइननंच नेले. पण जिथे भोवती पैसेवाली वस्ती आहे आणि मॉल मोजकेच आहेत, तिथले मॉल आजही व्यवस्थित कमावतात. मॉल ऑफ अमेरिकाला गर्दीची चणचण नाही. साउथडेलही उघडा आहे.

क्लीव्हलंडजवळच्या नॉर्थ रँडल गावातला रँडल पार्क मॉल बघा. १९७६ मध्ये उघडला तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या मॉलपैकी एक. २००९ मध्ये बंद. पाडल्यावर त्याच जागेवर २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनचं गोदाम उभं राहिलं. हे ऐकून ज्याला त्याला काव्यगत न्याय वगैरे आठवतो. मला त्यात साधी गोष्ट दिसते: महामार्गाला लागून सपाट, डांबरी, मोठी जागा. पूर्वी तिथे गिऱ्हाईक यायचं, आता तिथून ट्रक निघतात.

"रिकामे आहेत, तर घरं का करत नाहीत?"

रास्त प्रश्न. घरांचा तुटवडा आहे, जागा पडून आहे. पण सामायिक सातबारा ज्यानं हाताळलाय त्याला अडचण लगेच कळेल. अँकरची इमारत आणि खालची जमीन अनेकदा अँकरच्याच मालकीची असते, आणि साठ वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून केलेला परस्पर करार असतो: आवारात नवं बांधायचं, पार्किंग कमी करायचं, रस्ता हलवायचा तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. त्यातला एक दिवाळखोरीत, दुसऱ्यानं हिस्सा गुंतवणूक कंपनीला विकलेला, तिसरा भाव वाढवून मागतोय. एक चुलतभाऊ मुंबईला, एक अबोल्यावर, आणि विहिरीचं काम अडलेलं, असं समजा.

इमारतही साथ देत नाही. ग्रुएननं भिंती कोऱ्या ठेवल्या होत्या, आठवतं? घराला खिडकी लागते, प्रत्येक स्वयंपाकघराला आणि न्हाणीघराला नळ लागतो. मॉलच्या पोटात उजेडही नाही आणि पाइपही नाहीत. म्हणून खिडकीवाचून चालेल असे उपयोग जास्त जमतात. ऑस्टिनचा हायलँड मॉल (१९७१) आता तिथल्या कम्युनिटी कॉलेजचा परिसर आहे; जुन्या जेसीपेनीच्या जागेत विद्यार्थी संगणकांपुढे बसून शिकतात. नॅशव्हिलच्या वन हंड्रेड ओक्समध्ये विद्यापीठाचे दवाखाने आले. रुग्णांना एक फायदा झाला: दवाखान्याबाहेर गाडी लावायला आयुष्यात प्रथमच जागा मिळाली असेल.

ग्रुएनचं पुढे काय झालं?

१९६८ मध्ये तो व्हिएन्नाला परतला. काही वर्षांत त्या शहराच्या दक्षिणेला, त्याच्या घरापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, शॉपिंग सिटी झ्यूड नावाचा भला थोरला मॉल उभा राहिला. १९७६ मध्ये उघडला. शहरातल्या लहान दुकानदारांचं त्यानं काय होणार, हे ग्रुएनएवढं कुणाला माहीत होतं? १९७८ मध्ये लंडनमधल्या भाषणात त्यानं जाहीर सांगितलं की या अनौरस बांधकामांची पोटगी भरायला मी नकार देतो. १९८० मध्ये तो गेला.

त्याची बाजू घ्यायची की नाही, याबद्दल माझं मत डळमळतं. गाव आखून दिलं आणि लोकांनी त्यातलं फक्त दुकान उचललं, ही त्याची तक्रार खरी आहे. पण मोटारीनंच पोचता येईल अशा माळावर, एका मालकाच्या जमिनीवर, अँकरच्या भाड्याच्या हिशोबावर गाव वसेल, हे त्यानं मानलं कसं? जो हिशोब पहिल्या दिवसापासून जमिनीचा होता, तो तळ्यापाशी येऊन थांबेल कशाला?

साउथडेलमध्ये आता जेसीपेनीची इमारत नाही. तिच्या जागी २०१९ च्या डिसेंबरात लाइफ टाइम नावाचं अवाढव्य व्यायामकेंद्र उघडलं. आणि त्याआधी, २०१४ मध्ये, त्या ५,२०० गाड्यांच्या पार्किंगचा एक कोपरा खणून तिथे अपार्टमेंट बांधली गेली. तिथे राहणारी माणसं डांबर ओलांडून पाच मिनिटांत मॉलच्या दारात येतात, चालत.